चालण्याचा सराव सुरू करताना

मल्टिपल स्क्लेरोसिसचे (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणाला इजा करणाऱ्या आजाराचे) निदान नुकतेच झाल्यामुळे आपल्याला चालण्याची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. मलाही ती वाटत असे. तरीही व्यायाम सोडू नका. सौम्य ते मध्यम त्रास असलेल्यांना आठवड्यातून २ दिवस ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि २ दिवस स्नायूंच्या बळकटीचा सराव सुचवला जातो, परंतु तिथवर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, मध्ये विश्रांती घेत, हळूहळू पोहोचावे. गोव्याच्या दमट उकाड्यात शरीर तापले की पाय जड होतात, कधी दृष्टीही अंधुक होते. शरीर निवल्यावर हे ओसरते, म्हणून मिरामारच्या समुद्रकिनारी चालायला पहाटेच जावे, आणि पाऊल घसटत असेल तर वाळू टाळून सपाट वाटेवरच चालावे. चालण्यातील बदल कळावा म्हणून २५ फूट चालण्यास लागणारे सेकंद दरमहा वहीत नोंदवा. नवी कमजोरी दिवसभराहून अधिक टिकली, तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना त्वरित कळवा.