वादात मुद्दा बरोबर असूनही माणूस का हरतो?

कारण ऐकणारे मुद्द्यापेक्षा माणूस तोलतात. परवा सोलापुरात सात रस्त्याजवळच्या टपरीवर विषय निघाला: उजनी भरलंय, मग नळाला रोज पाणी का नाही? एक पोरगा म्हणाला, धरण भरणं वेगळं आणि शंभरेक किलोमीटरवरून पाणी आणून वाटणं वेगळं. मुद्दा चोख! एक काका बशीत चहा ओतत म्हणाले, "तुमच्याकडं बोअर आहे, तुला काय कळणार?" सगळे हसले, विषय संपला. (बोअरमुळं पाइपलाइन आखूड होते का हो?)

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, सत्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडायची ती वितंडा. आपला 'वितंडवाद' तिथलाच. मी हल्ली एवढंच विचारतो, "काका, मग तुमच्या मते कारण काय?"