रिम वाकली? ठोकायला देण्याआधी हे वाचा

खड्ड्यात चाक आदळल्यापासून ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरत असेल, तर नुसतं बॅलन्सिंग करून परत येऊ नका. वजनं चिकटवून वाकडी रिम सरळ होत नाही. चाक मशीनवर फिरत असताना स्वतः वाकून आतली कड बघा. मार बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो आणि बाहेरून रिम अगदी कोरी करकरीत दिसते.

स्टीलची रिम असेल तर फार चिंता नको, कडेचा पोचा चांगला कारागीर ठोकून काढतो. अलॉयचं तसं नाही. हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू बहुधा कारखान्यात ठरावीक तापमानाची प्रक्रिया करून कडक केलेला असतो. रस्त्याकडेला गॅसच्या ज्योतीवर अंदाजाने तापवला की तो मऊ पडतो, आणि गार असताना हातोडा घातला तर तडकू शकतो. म्हणून हायड्रॉलिक जॅकने हळूहळू दाबणारा आणि डायल गेज (रिम किती वाकडी फिरते ते मोजणारं काट्याचं मापक) लावून आधीचा-नंतरचा फरक दाखवणारा माणूस शोधा. किती तापवणार, हे त्याला बेधडक विचारा.

टायर उतरवायला लावाच. हवा उतरत असेल तर कडेला साबणाचं पाणी मारा, बुडबुडे गळती दाखवतील. स्पोकला किंवा नटाच्या भोकाजवळ तडा दिसला तर 'वेल्डिंग मारून देतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका, रिम बदला. टायरच्या बगलेला फुगा आला असेल तर टायरही गेला.

नंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) दोन्ही करा. शंभरेक किलोमीटर गाडी चालली की नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या.