डंप ट्रेलर ओढण्यासाठी हेवी-ड्युटी ट्रक घेताना आधी अश्वशक्ती पाहावी की ॲक्सल?

आधी मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर (चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाकडून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) आणि डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरले तरी दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारी सोय) पाहावेत, अश्वशक्ती त्यानंतर. भरलेला ट्रेलर खाणीच्या ओल्या चढावर जागचा हलवताना चाकांपर्यंत पोहोचणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि पकड हीच कामी येतात. ३च्या आसपासचे गुणोत्तर महामार्गावर डिझेल वाचवते, पण अशा चढावर क्लचवर फार ताण आणते, म्हणून कच्च्या रस्त्यासाठी ४च्या जवळचे घ्यावे. हौदा उचलण्यासाठी पीटीओ (इंजिनाची शक्ती पंपाला देणारी जोडणी) आणि हायड्रॉलिक पंप लागतोच. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या बलूनवर गाडी तोलणारी रचना) असल्यास हौदा उचलण्याआधी त्यातील हवा सोडण्याची सोय आवर्जून मागावी, कारण फुगलेल्या बलूनवर उंचावलेला हौदा कलंडण्याचा धोका वाढतो. मात्र टायरचा व्यास बदलला की गुणोत्तराचा हिशेबही बदलतो.