बेटकुळी वर सरकली की खाली?

प्रश्न : वय ६८. महिन्यापूर्वी बादली उचलताना खांद्यात ‘कट्’ झालं. आता दुखत नाही, पण बेटकुळी कोपराकडे घसरून गोळा दिसतो. मुलगा ऑपरेशन करा म्हणतो.

उत्तर : नको. बायसेप्स, म्हणजे बेटकुळीचा स्नायू, खांद्याकडे दोन टेंडननी (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांनी) बांधलेला असतो. तुमचं लांब टेंडन तुटलंय, आखूड शाबूत आहे. त्यामुळे ताकद थोडीच घटते. गोळा मात्र राहणार, मालीश-व्यायामाने जाणार नाही. हात बाजूने डोक्यावर जात नसेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर खांद्याची सोनोग्राफी करा. या वयात रोटेटर कफही (खांद्याच्या सांध्याभोवतीचा स्नायू-टेंडनचा पट्टा) सोबत फाटलेला असू शकतो, आणि खरा त्रास त्याचाच असतो.

प्रश्न : मिस्टर ४६ वर्षांचे. भरलेला सिलिंडर जिन्यातून उतरवताना निसटला, तो सावरताना कोपराजवळ कळ आली. तिथे काळंनिळं झालंय, बेटकुळी वर गेलीय. एक्स-रे नॉर्मल, लचक म्हणून गोळ्या दिल्या. दहा दिवस झाले.

उत्तर : एक्स-रेवर टेंडन दिसतच नाही, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. त्यांना कोपर काटकोनात वाकवून तळहात छताकडे करायला सांगा. तुम्ही कोपराच्या घडीत बाहेरच्या बाजूने तर्जनीचा आकडा घाला. चांगल्या हाताला दोरीसारखं टेंडन बोटात अडकतं. दुखऱ्या हाताला काहीच अडकलं नाही तर ते हाडापासून सुटलंय. आतल्या बाजूने बोट घालू नका, तिथला पातळ पडदा लागतो आणि फसगत होते.

इथे दुसरं टेंडन नाही. तसंच सोडलं तर स्क्रू पिळायची, किल्ली फिरवायची ताकद साधारण ४० टक्के आणि कोपर वाकवायची ३० टक्के जाते. टेंडन दोन-तीन आठवड्यांत हाडाला बांधणं सोपं. नंतर ते आक्रसतं, चिकटतं. मग मांडीमागचं टेंडन काढून जोड द्यावा लागू शकतो. याच आठवड्यात ऑर्थोपेडिक सर्जन गाठा.

प्रश्न : माझंही कोपराकडचंच तुटलंय. वय ६४, मधुमेह, डावा हात, काम बैठं. ऑपरेशन टाळलं तर?

उत्तर : चालेल. दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, जेवणखाण, लिहिणं अडत नाही. हात झोळीत दोन-तीन आठवडेच. जास्त ठेवलीत तर कोपर आखडेल. पण निर्णय आत्ताच पक्का करा. सहा महिन्यांनी ‘ताकद नाही’ म्हणून आलात, तर सोपं ऑपरेशन हातचं गेलेलं असेल.

प्रश्न : कोपराचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. अंगठ्याच्या बाजूला हाताची कातडी बधिर आहे.

उत्तर : तिथली संवेदनेची नस ऑपरेशनमध्ये ताणली जाते, बहुतेकांची काही महिन्यांत सुधारते. बोटं किंवा अंगठा सरळ होत नसेल तर मात्र वेगळी नस दुखावलीय, आजच सर्जनना दाखवा. पहिले सहा आठवडे त्या हाताने चहाच्या कपापलीकडे काही उचलू नका. जोराचे व्यायाम साधारण बाराव्या आठवड्यानंतर, जड ओझं चार ते सहा महिन्यांनी. दुखणं थांबलं म्हणून मध्येच बादली उचलली की टाका सुटायची भीती, कारण टेंडन अजून हाडाला धरलेलं नसतं.