संध्याकाळच्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन २६० आलं; दुसरं मूल हवंय, इंजेक्शन सुरू करू का?

नाही, मूल हवं असेल तर इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच हे वृषणांना चालना देणारे हार्मोन सोडणं जवळजवळ थांबवते. मग शुक्राणू कमी होतात, कधी पार शून्यावर येतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात कित्येक महिने जातात. आणि मुळात २६० हा आकडाच अजून धरू नका. मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. हिंजवडीहून ऑफिस सुटल्यावर, चहा-वडापाव खाऊन हीच टेस्ट द्यायला येणारे बरेच असतात. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं, खाल्ल्यावर उतरतं. म्हणून सकाळी ७ ते १० मध्ये, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी तपासा. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि लक्षणंही असतील, तरच उपचारांचा विचार होतो. सोबत एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या हार्मोन्सच्या तपासण्याही करा. एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनतज्ज्ञांना) मूल हवंय हे आधीच सांगा, म्हणजे ते क्लोमिफीन किंवा एचसीजी या शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या औषधांचा विचार करतील. मात्र एलएच आधीच वाढलेलं असेल, तर दोष वृषणातच असतो आणि मग या औषधांचा फारसा उपयोग होत नाही.