पिल्लं दुधावरनं तोडली की पातळ हगतात, पावडरी घालूनही थांबत नाही

प्रश्न : साहेब नमस्कार, तासगाव तालुक्यात माझ्याकडं यॉर्कशायर जातीच्या डुकरांच्या 9 माद्या आहेत. पिल्लं 35 दिवसांनी तोडतो, चार-पाच दिवसांत पातळ हगायला लागतात, मागची बाजू लाल होते, अंगच धरत नाहीत. दुकानदारानं अॅसिडिफायर (पोटातलं आम्ल वाढवणारी पावडर), प्रोबायोटिक (चांगले जंतू), एन्झाइम (पचनाला मदत करणारं) आणि एक अँटिबायोटिकची पुडी दिली, सगळं एकत्रच गरम कण्हेरीत कालवून घातलं, फरक शून्य. खाद्य मका भरडा, गहू कोंडा, चुनखडी पावडर अंदाजानं, आणि सोयाबीनला भाव नाही म्हणून घरचंच भरडून. अजून काय घालू?

उत्तर : अजून काही घालू नका, आधी ते घरचं सोयाबीन काढा. तुम्ही जाता जाता लिहिलंय पण खरी गोम तिथंच दिसतेय. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, ते प्रोटीन पचूच देत नाही, मग न पचलेलं पुढं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथं ई. कोलायसारख्या जंतूंची चंगळ होते. मोठ्या माद्यांना तेवढं बाधत नाही म्हणून लक्षात येत नाही. घरचंच वापरायचं तर भट्टीवर नीट भाजून घ्या, चार दाणे तोंडात टाकून बघा, हिरवट कडसर लागलं तर कच्चं, फुटाण्यासारखं खमंग लागलं तर जमलं. नाहीतर सरळ सोयापेंड आणा, पण तोडलेल्या पिल्लांना क्विंटलमागं 20 किलोच्या आतच.

आता पावडरी. अॅसिडिफायर कामाचा आहे, कारण ह्या वयात पोटात स्वतःचं आम्ल कमी बनतं आणि दूध सुटलं की दुधापासून होणारं लॅक्टिक आम्लपण गेलं. सायट्रिक अॅसिड क्विंटलला 1 किलोपासून चालतं. पण चुनखडी मुठीनं टाकली की ती ते आम्लच मारून टाकते, एका हातानं घालायचं दुसऱ्या हातानं काढायचं असला प्रकार! ती मोजूनच घाला.

प्रोबायोटिकमधले जंतू जिवंत असतात हो, लॅक्टोबॅसिलस गरम कण्हेरीत मरणार, उरले ते अँटिबायोटिक मारणार. कोमट झाल्यावर कालवा, आणि अँटिबायोटिक डॉक्टरनं बघून सांगितलं तरच. पुडीवर कोलिस्टिन लिहिलं असेल तर ती ठेवूच नका, 2019 पासून आपल्याकडं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना ते द्यायला बंदी आहे.

डेअरीतनं चक्क्याचं ताजं पाणी मिळत असेल तर थोडं थोडं सुरू करा, आम्ल आणि लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर दोन्ही त्यात असतं, एकदम बादली पुढं केली तर मात्र त्यानंच हगवण लागेल.

पुढच्या वेताला दहाव्या दिवसापासून हेच सुधारलेलं खाद्य चिमूटचिमूट पिल्लांपुढं ठेवा आणि तोडताना मादी हलवा, पिल्लं त्याच खोलीत राहू द्या. आत्ता जी गळालीत त्यांना ओआरएसचं पाणी, आणि रक्त दिसलं किंवा ताप आला तर वाट न बघता डॉक्टर बोलवा. एन्झाइमचं पाकीट फेकू नका, सोयाबीन बदलल्यावर वापरा, तेव्हा कळेल पैसे वसूल होतायत का ते.