दिवाणखान्यातले डेस्क आणि कार्डावर भरलेला विम्याचा हप्ता

तुम्ही पत्रासोबत दिवाणखान्याचा हाताने काढलेला नकाशा, दोन दरपत्रके आणि विमा पॉलिसीचे विवरण जोडले आहे. भिंतभर कपाटे आणि त्यांत बसवलेले डेस्क १२ बिनव्याजी हप्त्यांवर करून घ्यावे, की भिंतीला लावायचे घडीचे छोटे डेस्क विकत घ्यावे, एवढाच तुमचा प्रश्न आहे. तुमची ओळख पटू नये म्हणून घरातले महिन्याचे उत्पन्न मी १०० धरले आहे आणि बाकीचे आकडे त्याच प्रमाणात, ढोबळ करून लिहिले आहेत. मोठे फर्निचर ८० चे आहे, छोटे डेस्क १२ चे.

छोटे डेस्क घ्या. घर भाड्याचे आहे. भिंतीच्या मापाने बेतलेले फर्निचर पुढच्या घरात नीट बसेलच असे नाही. लॅपटॉप, वही आणि दिवा यांना १०० सेंटीमीटर रुंदी आणि ५० सेंटीमीटर खोली पुरते. शिवाय ते हप्ते बिनव्याजी नाहीत. दरपत्रकातच लिहिले आहे की रोख दिल्यास १० टक्के सूट मिळेल, म्हणजे वस्तूची खरी किंमत ७२ आहे आणि वरचे ८ हे व्याज आहे. मुद्दल महिन्यागणिक फिटत जात असल्यामुळे त्या ८ चा वार्षिक दर २० टक्क्यांच्या आसपास पडतो.

डेस्कचा निकाल इथे लागला. मात्र पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: ‘पैशांची तशी ओढाताण नाही, कार्डाची किमान रक्कम आम्ही दर महिन्याला वेळेवर भरतो आणि यंदाचा विम्याचा हप्ताही कार्डावरच भरून टाकला.’ घरातली खरी गळती या वाक्यात आहे, आणि तिच्यापुढे दोन डेस्कांमधला फरक किरकोळ आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी १५० आहे आणि व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे दरमहा साडेचार. तुम्ही भरता ती किमान रक्कम साडेसात. तिच्यातून व्याज वजा जाता मुद्दलात जेमतेम ३ जमा होतात. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के असल्यामुळे थकबाकीबरोबर तीही घटत जाते, आणि यापुढे कार्डावर काहीही खरेदी केली नाही असे धरले तरी १५० चे ७५ व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतील. वेळेवर भरल्याने दंड टळतो, कर्ज हटत नाही. थकबाकी पुढे ओढली जात असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच चढू लागते; तेव्हा ती संपेपर्यंत कार्ड वापरू नका.

आता ज्या पॉलिसीसाठी हे कर्ज वाढवले तिच्याकडे पाहू. दरवर्षी ६० याप्रमाणे १० वर्षे भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर १,२०० मिळायचे, याला विक्रेत्याने ‘दामदुप्पट’ म्हटले. हा शब्द ऐकवून पॉलिसी विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात वर्षांचा हिशेब दडवलेला असतो. तुमचा पहिला हप्ता २० वर्षे अडकतो, शेवटचा ११ वर्षे, म्हणजे सरासरी साडेपंधरा. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने ७२ ला भागले की वर्षाचा दर ढोबळपणे कळतो; ७२ ला साडेपंधराने भागले की परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आतच राहतो. तो मिळवण्यासाठी तुम्ही वर्षाला ३६ टक्क्यांहून महाग पैसा उसना घेतला आहे. ‘पुढच्या वर्षी बोनस लागला की सगळे फिटेल’ असे तुम्ही या पॉलिसीविषयी लिहिता, पण विवरणाप्रमाणे तो बोनस मुदत संपल्यावरच हाती येणार आहे.

संरक्षणाचे म्हणाल तर विमा रक्कम ६०० आहे, म्हणजे सहा महिन्यांचे उत्पन्न. एका कमावत्या माणसावर जोडीदार आणि लहान मूल अवलंबून असताना हे संरक्षण नावापुरतेच आहे.

तुम्ही चार वर्षांत २४० भरले आणि आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे मागितले, तर १२० मिळतील. अर्धी रक्कम बुडते हे वाचताना तुम्हाला किती लागेल याची मला कल्पना आहे. तरीही बुडालेले १२० विक्रीच्या दिवशीच गेले होते, आणि उरलेल्या सहा हप्त्यांचे ३६० त्यांच्यामागे धाडून ते परत येणार नाहीत. हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप, म्हणजे घटलेल्या रकमेवर मुदतीपर्यंत चालू, ठेवण्याचाही पर्याय असतो, आणि कर्ज नसते तर मी त्याचा विचार केला असता. आज मात्र तेच १२० कार्डात भरले तर वर्षाला ४३ च्या आसपास व्याज वाचते, आणि तुमच्या हाताशी असलेली दुसरी कोणतीही गुंतवणूक याच्या जवळपास जात नाही.

मात्र क्रम चुकवू नका. आधी वार्षिक उत्पन्नाच्या किमान दहापट, म्हणजे १२,००० चा साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या; त्याची पॉलिसी हातात पडल्यावरच जुनी सरेंडर करा, नाहीतर मधल्या काळात घर उघडे पडेल. नव्या विम्याचा हप्ता जुन्या ६० तून भागावा.

सरेंडरचे १२० आले की त्यांतले १२ डेस्कसाठी रोख बाजूला काढा. सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केल्याने मान दुखते असे तुम्ही लिहिले आहे, आणि ते दुखणे कर्ज फिटेपर्यंत सोसा असे मी सांगणार नाही. उरलेले १०८ कार्डात भरले की ४२ राहतील. किमान रक्कम आता कमी दिसेल, तरी ठरवून महिन्याला साडेसातच भरत राहा; सातव्या महिन्यात कार्ड शून्यावर येईल. डेस्क घेतले नसते तर पाचव्या महिन्यात आले असते, आणि जास्तीचे व्याज २ च्या थोडे वर जाते. ते मला मान्य आहे.

पैसे येईपर्यंत १०० बाय ५० सेंटीमीटरचा वर्तमानपत्राचा तुकडा खिडकीशेजारच्या भिंतीला लागून जमिनीवर चिकटवा, म्हणजे उजेड बाजूने येईल, आणि आठवडाभर तिथेच खुर्ची ठेवून वावरा. तुमच्या नकाशाप्रमाणे मागे सोफ्यापर्यंत ८० सेंटीमीटर उरतात. खुर्ची मागे सरकवून उठताना ते पुरतात का, हे डेस्कचे पैसे देण्याआधीच कळेल.